अण्णांचा टीव्ही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. बहिणीला सांगायचं म्हणून दोन-तीनदा तिच्याकडे गेले आणि भलतंच काहीतरी बोलून, चहा पिऊन परत आले. तुम्हाला सांगतेय ते एवढ्यासाठीच की तुम्ही मला ओळखत नाही — आणि ही गोष्ट पोटात वागवून वागवून मला आता भयंकर वैताग आलाय. पश्चात्ताप हा शब्द मी वापरणार नाही. तो फार चांगला दिसतो. वैतागच म्हणू या.

प्लगपासून सुरुवात करते. चूक प्लगची नव्हती, पण तिथून सांगणं सोपं जातं.

आम्ही भांडुपला राहतो, पूर्वेला. घरात मी, माझा नवरा मिलिंद आणि तेव्हा माझे सासरे — अण्णा. अण्णा मूळचे कुडाळकडचे. आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर इथल्याच एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागले आणि तिथून रिटायर झाले. सासूबाई गेल्या त्या वर्षी ते हॉलमधल्या खुर्चीत बसले ते बसलेच. समोर टीव्ही. सकाळी भजनं, मग बातम्या, मग त्या बातम्यांवर सहा माणसं एकाच वेळी ओरडतात ते. कानाला कमी ऐकू यायचं, मशीन लावायचे नाहीत, त्यामुळे आवाज असा की लिफ्टमधून बाहेर पडताना कळावं, कुठल्या पक्षाचा माणूस काय म्हणतोय.

आणि मी घरून काम करत होते. एका सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्टला आहे मी. ग्राहकाचं काही बिघडलं की तो आमच्यावर डाफरतो आणि आम्ही शांतपणे बिघाड शोधतो — हे माझं काम. माझं टेबल हॉलच्या कोपऱ्यात, कारण बेडरूममध्ये नेटची रेंज येत नव्हती. सकाळची टीमची मीटिंग आणि अण्णांची ती ओरडणारी सहा माणसं नेमकी एका वेळी. मी म्यूट काढला की बेंगळुरूचा माझा मॅनेजर विचारायचा, घरात भांडण चाललंय का? सगळे हसायचे. मीही हसायचे. रोज.

अण्णांना सांगितलं नाही का? सांगितलं ना. ते लगेच आवाज कमी करायचे. बिचारे म्हणत नाही मी, पण खरंच लगेच करायचे. मग पाच-दहा मिनिटांत ऐकू येईना म्हणून हळूहळू परत तिथेच. मिलिंदला सांगितलं तर तो म्हणाला, त्यांना दुसरं काय आहे गं? बरोबरच होतं. पण तो सकाळी डबा घेऊन बँकेत जायचा आणि संध्याकाळी यायचा. त्याला हे बोलायला काय जातं?

तर प्लग. पहिला प्लग टीव्हीसाठी घेतलाच नव्हता, गीझरसाठी घेतला होता. अण्णा आंघोळ करून गीझर तसाच चालू ठेवायचे. हे खरं आहे, हे मी रचलेलं नाही — पुढे याचा संबंध येईल म्हणून सांगून ठेवते. मोबाईलवरून बंद करता येईल असा स्मार्ट प्लग मागवला. आणि तिथून डोक्याला ताप सुरू. त्याला त्या कंपनीचं ॲप, ॲपला अकाउंट, अकाउंटला ओटीपी. मी बटण दाबलं की माझा हुकूम कुठल्या तरी परदेशातल्या सर्व्हरवर जाणार, तिथून परत येणार, आणि मग माझ्याच बाथरूममधला गीझर बंद होणार. सर्व्हर झोपला की गीझर चालूच. एकदा तर ॲपने मला गीझर बंद करण्याआधी जाहिरात दाखवली. मला सांगा, माणसाने चिडायचं नाही तर काय करायचं?

म्हणून मी फर्मवेअर बदलायला घेतलं. प्लगच्या आत एक बारीक चिप असते, तिच्यात कंपनीचा प्रोग्राम असतो — त्याला फर्मवेअर म्हणतात. तो पुसून टाकायचा आणि त्याजागी लोकांनी मिळून लिहिलेला, फुकट मिळणारा प्रोग्राम भरायचा. मग प्लग कुणाला विचारत नाही. ना कंपनी, ना सर्व्हर. घरातलं वायफाय आणि आपण, संपलं. व्हिडिओत तो मुलगा म्हणतो, पाच मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटं! स्टिकरखाली लपवलेला स्क्रू सापडायलाच माझा अर्धा रविवार गेला. मग आतल्या मुंगीएवढ्या ठिपक्यांवर चार वायरी टेकवून धरायच्या, बटण दाबून ठेवायचं, त्याच वेळी लॅपटॉपला जोडायचं, आणि हात हलला की पहिल्यापासून. लॅपटॉप म्हणतो, काही दिसत नाही. वायर बदला, केबल बदला, ड्रायव्हर टाका. पहिला प्लग मी कायमचा मारला. दुसरा मागवावा लागला. मेला तो मेलाच.

दुसऱ्या रविवारी अण्णा खुर्चीतून उठून आले. बराच वेळ माझी चाललेली चिडचिड बघत असावेत. म्हणाले, "हाड, मी धरतंय." हाड म्हणजे आण इकडे. आणि त्यांनी त्या चार वायरी दोन बोटांत अशा धरल्या की हलल्या नाहीत. प्रोग्राम सरसर गेला. मी टाळी दिली त्यांना. चष्मा कपाळावर सारून त्यांनी तो प्लग उलटसुलट करून बघितला आणि हे काय करतं ते विचारलं. मी समजावून सांगितलं — याने घरातली कुठलीही वस्तू मी कुठूनही चालू-बंद करू शकते. त्यांना फार गंमत वाटली. हाच प्लग पुढे मी त्यांच्या टीव्हीला लावला.

मग मला नादच लागला. पंखा, दिवा, वॉशिंग मशीन. कपाटावर एक तळहाताएवढा कॉम्प्युटर ठेवला, तो सगळ्या प्लगना सांभाळायचा. मिलिंद बिल्डिंगमध्ये कौतुकाने सांगत फिरायचा. आणि टीव्हीला प्लग का लावला, असं त्याने विचारलं तेव्हा मी म्हणाले, वीज किती खातो ते कळतं. तेही खोटं नव्हतं. तो प्लग खरंच वीज मोजतो.

पहिल्यांदा केलं ते काही ठरवून केलं नाही. मीटिंग चालू होती, मी बोलत होते, मागे ती सहा माणसं पेटली होती, मॅनेजर म्हणाला, जरा आवाजाचं बघा ना — आणि माझा अंगठा मोबाईलवर गेला. टीव्ही बंद. हॉलमध्ये अशी शांतता की मला माझाच आवाज वेगळा वाटला. लगेच मी प्लग परत चालू केला. वीज जाऊन आली की आमचा टीव्ही आपोआप लागत नाही, नुसता तो लाल ठिपका पेटतो — रिमोटने बंद केल्यासारखा. अण्णांनी हातातल्या रिमोटकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडतील, विचारतील. त्यांनी काही केलं नाही. माझी मीटिंग चालू आहे हे बघून ते गप्प बसून राहिले. मीटिंग संपेपर्यंत.

इतकं सोपं होतं. काय सांगू तुम्हाला, इतकं सोपं होतं!

दुसऱ्या दिवशी परत. मग रोज. आणि मी काय केलं माहितेय? सेट-टॉप बॉक्सची पिन त्या प्लगमधून काढून वेगळी लावली. कारण बॉक्सची वीज गेली की तो नव्याने सुरू होताना स्क्रीनवर दिसतं, आणि मग कळतं की वीज गेली होती. नुसता टीव्हीच गेला की असंच वाटतं — रिमोटचं बटण यांच्याच हातून दाबलं गेलं. एवढा विचार केला मी. हे रागाच्या भरात होत नाही. यासाठी टेबलाखाली वाकावं लागतं.

मग रोज अंगठा दाबायचाही कंटाळा आला. म्हणून नियम लिहिला: आठवड्याचे कामाचे दिवस, मीटिंगची वेळ, टीव्ही काही वेळ चालू दिसला की वीज तोड, दोन क्षणांनी परत जोड. आधी हा नियम मी प्लगच्याच पोटात लिहून बघितला, होतो का ते बघायला. झाला. मग तोच नियम कपाटावरच्या कॉम्प्युटरमध्ये नीट, छान दिसेल असा लिहिला. पहिला पुसायचा राहिला. हे लक्षात ठेवा. माझ्या लक्षात राहिलं नाही.

अण्णा आधी टीव्हीवर चिडले. मग रिमोटवर. सेल बदलले. मेकॅनिक आला तो दुपारी, टीव्ही तासभर लावून बसला, काही झालं नाही. तो म्हणाला, टीव्ही एकदम झकास आहे काका, तुमचाच हात लागत असेल. मी स्वयंपाकघरात होते. मला ऐकू आलं.

त्यानंतर अण्णा रिमोट हातात धरायचेच नाहीत. टीव्ही लावून तो समोर टीपॉयवर ठेवायचे आणि हात मांडीवर. तरी टीव्ही बंद व्हायचा. जेवताना एकदा मिलिंदला म्हणाले की आपण उठून बंद करतो बहुतेक, आणि मग आठवत नाही. अगदी साध्या सुरात म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. मिलिंदचा घास हातातच राहिला. मग त्याला सगळंच आठवायला लागलं — गीझर, एकदा हरवलेला चष्मा, शेजाऱ्याला चुकून मारलेली त्याच्या भावाच्या नावाने हाक. कुणाच्या घरात हे होत नाही? पण एकदा शोधायला लागलं की सापडतंच.

त्या संध्याकाळी मी घाबरले. कॉम्प्युटरवरचा तो नियम पुसून टाकला. स्वतःशी म्हटलं, संपलं हे. आठवड्याभरात आमच्या कंपनीने सगळ्यांना अंधेरीच्या ऑफिसात परत बोलावलं, तेव्हा तर टीव्हीचा आणि माझा संबंधच संपला.

आणि टीव्ही बंद होतच राहिला.

स्वयंपाकाच्या मावशी सांगायच्या, आजोबांनी आजपण टीव्ही बंद केला आणि म्हणतात मी नाही केला. मिलिंद मला फोन करून सांगायचा. आणि आता ऐका — कारण इथे मला थांबावंसं वाटतंय, म्हणून थांबणार नाही. मला बरं वाटलं. मी ते ऐकलं आणि मला हायसं वाटलं. म्हणजे अण्णा खरंच विसरतायत! म्हणजे मी केलं त्याने तसं काही बिघडलं नाही, ते व्हायचंच होतं. नियम तर मी पुसलाय ना? मग?

माझं काम काय, ते मी वर सांगितलंय. ग्राहकाचा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे नेमकं कधी होतं? अण्णांचा टीव्ही फक्त कामाच्या दिवशी, फक्त सकाळी बंद व्हायचा. रविवारी कधी नाही. संध्याकाळी कधी नाही. पगार घेऊन जो प्रश्न मी दिवसभर विचारते, तो घरात एकदाही विचारला नाही. सुचला नाही की विचारायचा नव्हता? मला खरंच सांगता येत नाही. आणि सांगता आलं तरी काय फरक पडतो?

मुलुंडला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अण्णांना तारीख विचारली, घड्याळ काढायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. अण्णा सातवी शिकलेले, आणि त्या दिवशी त्यांची इतकी गाळण उडाली होती की घड्याळाचे काटे काढताना पेन्सिल कागदातून आरपार गेली. स्कॅन केला, तो नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही, घरच्यांचं निरीक्षण जास्त महत्त्वाचं. आणि ते माझ्याकडे वळले, कारण मिलिंदला रडू येत होतं.

मी सांगितलं. अगदी मुद्देसूद. कधीपासून, कसं वाढत गेलं, मेकॅनिकला काही सापडलं नाही तेही. सुरुवातीचे कित्येक महिने टीव्ही मी बंद करत होते, एवढं एकच वाक्य त्यातून गाळलं. अण्णा शेजारच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते, शाळेतली बाई पालकांना सांगते तेव्हा मुलगा बघतो तसे.

गोळ्या सुरू झाल्या.

अण्णा दरवर्षी वैशाखात एकटे गावी जायचे. घर उघडायचे, झाडून काढायचे, कलमांकडे बघायचे, देवाला दिवा लावायचे, आणि गणपती करूनच परत यायचे. सासूबाई गेल्यावर त्यांचं म्हणून एवढंच उरलं होतं. मिलिंद म्हणाला, या वर्षापासून एकटं जायचं नाही. रस्त्यात काही झालं तर? गॅस चालू ठेवून झोपले तर? रजा आम्हा दोघांनाही नव्हती. शेवटी त्याच्या गावच्या चुलतभावाला, बाळाला, बोलावून किल्ली द्यायची असं ठरलं. अण्णांनी वाद घातला नाही. बाळा आला तेव्हा किल्ली त्यांनी स्वतःच दिली, आणि बसून त्याला सांगत राहिले — मागच्या दाराची कडी कशी वर उचलून ओढायची, विहिरीजवळच्या कलमाला खत कुठल्या बाजूने घालायचं, कुठल्या कौलातून पाणी गळतं. एक शब्द विसरले नाहीत. बाळा निघाल्यावर मिलिंद मला म्हणाला, जुनं सगळं लक्षात राहतं गं, जातं ते आत्ताचं.

मग तो रविवार आला. फर्मवेअरची नवी आवृत्ती आली होती, म्हणून मी एकेक प्लग उघडून बघत होते. लॅपटॉपवरच, वायरी वगैरे नाहीत आता. टीव्हीच्या प्लगचं पान उघडलं आणि तिथे ती ओळ होती. मीच लिहिलेली. कामाचे दिवस, सकाळची वेळ, वीज तोड, दोन क्षणांनी परत जोड. प्लगच्या पोटात, कुणालाही न विचारता चाललेली. याचसाठी तर मी हे फर्मवेअर घेतलं होतं ना, की प्लगने कुणाला विचारू नये?

अण्णा खुर्चीत होते. टीव्ही चालू होता. मिलिंद बेसिनपाशी बांगडे साफ करत होता, गुणगुणत होता. हॉलपासून ओट्यापर्यंत पंधरा पावलंसुद्धा नसतील. सांगायचं काय होतं? मिलिंद, इकडे ये, हे बघ. एवढंच. त्याने आरडाओरडा केला असता, कदाचित आठ दिवस बोलला नसता. अण्णा काय म्हणाले असते ते मला ठाऊक नाही. पण गोळ्या बंद झाल्या असत्या आणि बाळाकडची किल्ली परत आली असती.

मी ती ओळ पुसली. लॅपटॉप मिटला. आणि कांदा चिरायला गेले.

तुम्हाला वाटेल, सगळ्यात वाईट ते हेच. नाही. पुढे काय झालं माहितेय? टीव्ही बंद व्हायचा थांबला. अर्थातच थांबला! आणि घरात आनंदीआनंद. मावशींनी सांगितलं, मिलिंदने सांगितलं, महिन्याने डॉक्टरांनीही हसून सांगितलं की औषध लागू पडलंय, आता सोडायचं नाही. म्हणजे जो आजार मी बनवला होता, तो मीच बरा केला, आणि श्रेय गेलं गोळ्यांना. आता त्या कोण बंद करणार? गोळ्यांनी अण्णांना मळमळायचं. बांगड्याचं तिखलं दिसलं की दोनदा वाढून घेणारा माणूस ताट बाजूला सारायला लागला. गोळीची वेळ मी मोबाईलवर लावून ठेवली होती. मीच द्यायचे. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला.

त्या गोळ्या गुपचूप कचऱ्यात फेकून दिल्या असत्या तरी चाललं असतं, असं मनात यायचं. फेकल्या नाहीत. एकदा डॉक्टरांना फोनही लावला, आणि उचलल्यावर पुढच्या अपॉइंटमेंटची वेळ विचारून ठेवून दिला.

एका दुपारी, मला सुट्टी होती, अण्णांनी मला जवळ बोलावलं. टीव्हीचा आवाज स्वतःच बंद केला. म्हणाले, "स्मिता, मिलिंद माका सांगूचो नाय. तू रोज बघतस. माझ्या डोक्याचा खरा किती बिघडला हा?"

माझ्याकडे सरळ बघत होते. डोळे इतके स्वच्छ. कशाचाही घोळ नव्हता त्यात.

मी म्हणाले, "अण्णा, वयाप्रमाणे होतंच थोडं. गोळ्यांनी फरक पडतोय ना?"

त्यांनी मान हलवली. मग माझ्या मनगटावर थोपटलं आणि म्हणाले, "तू आसस म्हणान बरा."

त्यानंतर ते दीड-दोन वर्षं होते. गावी एकदाच गेले, आमच्याबरोबर, गाडीने, दोन दिवसांसाठी. तिथे कुठल्याही गोष्टीला हात लावण्याआधी बाळाकडे बघायचे. घरीही तसंच झालं होतं. टीव्ही लावण्याआधी विचारायचे, लावू काय? मावशींना विचारायचे, मला विचारायचे, घरात कुणी नसलं तर न लावता बसून राहायचे. आवाजही मग इतका कमी ठेवायचे की त्यांना काहीच ऐकू येत नसणार. छातीत कफ होऊन गेले, पावसाळ्यात. डोक्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. शेवटच्या दिवशीही सगळ्यांना नावानिशी ओळखत होते, आणि नातेवाईक म्हणाले, वेळेवर औषध केलंत म्हणून. मिलिंदने माझ्याकडे बोट दाखवलं — हिने केलं सगळं.

हे इथे संपलं असतं तर मी कदाचित कधीच काही बोलले नसते. माणूस गेला, आता कुणाला सांगून काय, असं म्हणून वागवलं असतं आयुष्यभर.

पण गेल्या वर्षापासून मिलिंद विसरायला लागलाय. म्हणजे, असं त्याला वाटतं. स्कूटर स्टेशनच्या कुठल्या बाजूला लावली ते एकदा आठवेना. एकाच मेडिकलमध्ये एकाच औषधासाठी दोनदा जाऊन आला. पन्नाशीतला माणूस, मार्चमध्ये बँकेचं काम डोक्यावर — कोण विसरत नाही? पण त्याने कुठेतरी वाचलंय की हे बापाकडून मुलाकडे येऊ शकतं. तेव्हापासून सकाळी उठल्याबरोबर सुडोकू सोडवतो, आणि अडला की चेहरा उतरतो. ब्रँच मॅनेजरची जागा चालून आली होती, ती नाही म्हणाला. मला म्हणाला, उद्या माझ्या हातून कुणाच्या पैशांचा घोळ झाला तर? मी त्याला समजावलं, रागावले, वेडा आहेस म्हणाले. सगळं म्हणाले. तेवढं सोडून सगळं.

गेल्या आठवड्यात हट्टाने तपासणी करून घेतली. त्याच मुलुंडच्या डॉक्टरांकडे. स्कॅन झाला, चाचण्या झाल्या, घड्याळ काढून झालं. सगळं उत्तम. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून बाहेर काढलं. आम्ही रिक्षाने घरी येत होतो. मी म्हटलं, बघ, उगाच जीव खाल्लास. तो फाईल मांडीवर घेऊन बाहेर बघत होता. तसंच बघत म्हणाला,

"अण्णांचाही पहिला स्कॅन नॉर्मलच आला होता ना?"

"हो," मी म्हणाले.

रिक्षा सिग्नलला उभी होती. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं होतं. मी अगदी हळू बोलले असते तरी मिलिंदला ऐकू गेलं असतं.